पालावरचे मूल आणि राज्याचे औषध



ज्यांच्या स्मृत्यर्थ आपण दरवर्षी या सभागृहात जमतो, त्यांचे गुणवर्णन करणे हा स्मृती जागविण्याचा एक मार्ग आहे. परंतु ज्यांच्याविषयी सहसा कोणी व्याख्यान देत नाही अशा माणसांची बाजू चार जाणत्या लोकांपुढे मांडणे हा मला त्याहून उचित मार्ग वाटतो. म्हणून आज मी एक विषय निवडला आहे, जो ऐकण्यास लहान वाटेल, परंतु ज्यात आपल्या सार्वजनिक नीतीची पुरती कसोटी लागते. महाराष्ट्रातील भटक्या आणि विमुक्त जमातींत जन्मलेले आणि एचआयव्हीचा संसर्ग घेऊन जगणारे मूल एका बाजूस, आणि त्याच मुलासाठी सरकारने विनामूल्य ठेवलेले औषध दुसऱ्या बाजूस. या दोहोंमध्ये जे अंतर आहे ते कशाचे आहे, ते कसे पडले, आणि ते चालून जाण्याचे कर्तव्य कोणाचे आहे, एवढाच आजचा प्रश्न आहे.

आरंभीच एक खुलासा केला पाहिजे. रोग जातीला होत नाही. या जमातींत हा विषाणू इतरांहून अधिक आहे असे मी म्हणत नाही, आणि ज्यांच्या कपाळी इंग्रजी राजवटीने एकदा गुन्हेगारीचा शिक्का मारला त्यांच्या कपाळी दुसरा शिक्का मारण्यास मी येथे उभा नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की ज्या मुलाला हा संसर्ग झाला ते मूल पुण्याच्या पेठेत राहत असेल तर औषधापर्यंत पोचण्याची जितकी शक्यता आहे, तितकी ते पालावर राहत असेल तर नाही. आणि हा भेद निसर्गाने केलेला नाही.

पहिला मुद्दा काळाचा. प्रौढ माणसाच्या शरीरात हा विषाणू कित्येक वर्षे गुपचूप वास करतो आणि त्या माणसाला तपासणीसाठी, विचारासाठी, प्रसंगी चुकण्यासाठीही सवड देतो. बालकाला तो अशी सवड देत नाही. गर्भातून, प्रसूतीच्या वेळी किंवा अंगावरच्या दुधातून ज्यांना संसर्ग होतो अशा अर्भकांपैकी, उपचार न मिळाल्यास, सुमारे एक तृतीयांश मुले पहिल्या वाढदिवसापूर्वी आणि जवळजवळ निम्मी दुसऱ्या वाढदिवसापूर्वी दगावतात. याउलट, दक्षिण आफ्रिकेत झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीने दाखवून दिले, की जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच औषध सुरू केले तर हे मृत्यू सुमारे तीन चतुर्थांशांनी घटतात. म्हणजे मोठ्यांच्या बाबतीत जो महिन्यांचा विलंब आपण क्षम्य मानतो, तो बालकाच्या बाबतीत मृत्युदंड ठरू शकतो.

आणि शास्त्र काय म्हणते? शास्त्र म्हणते, की हे सारे टाळता येते. काहीच केले नाही तर आईकडून मुलाकडे संसर्ग जाण्याचे प्रमाण शंभरात १५ पासून ४५ पर्यंत असते. आईला वेळेवर औषध मिळाले आणि बाळाला प्रतिबंधक औषध दिले तर ते शंभरात ५ हून खाली येते. भारतात १९८६ साली या विषाणूचा पहिला पुरावा चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या हाती लागला. १९९२ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना उभी राहिली. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने वर्षाला हजारो डॉलर किंमत असलेली औषधे दिवसाला एका डॉलरहून कमी दराने देऊ केली, आणि औषध हे श्रीमंत देशांचेच असते हा समज मोडला. १ एप्रिल २००४ पासून आपल्या शासकीय रुग्णालयांत एआरटी, म्हणजे या विषाणूला आवरणारी, औषधे विनामूल्य मिळू लागली, २००६ च्या अखेरीस मुलांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला, २०१४ पासून प्रत्येक संसर्गित गर्भवतीला आजन्म औषध देण्याचे धोरण आले आणि २०१७ पासून, तपासणीत संसर्ग आढळला की लगेच उपचार, असा दंडक झाला. सहा आठवड्यांच्या बाळाच्या टाचेतून रक्ताचे काही थेंब एका कागदावर घ्यावयाचे, तो कागद वाळवून प्रयोगशाळेत पाठवावयाचा, आणि प्रत्यक्ष विषाणू आहे की नाही हे जाणून घ्यावयाचे, अशी सोय झालेली आहे. कारण साधी तपासणी आईच्या रक्तातून आलेल्या प्रतिपिंडांमुळे १८ महिन्यांपर्यंत फसवी ठरू शकते. पूर्वी लहान मुलांना जो कडू आणि थंड जागी जपावा लागणारा पातळ औषधाचा डोस घ्यावा लागे, त्याऐवजी आता पाण्यात विरघळणारी, फळाच्या चवीची डोल्यूटेग्रॅव्हिरची छोटी गोळी निघाली आहे, आणि ती बनविणाऱ्या कंपन्यांत मुंबईची एक कंपनी आहे.

श्रोतेहो, ही यादी मी मुद्दाम वाचून दाखविली. शास्त्राने आपले काम केले, कारखान्यांनी केले, धोरणकर्त्यांनीही पुष्कळसे केले. तरीसुद्धा संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक संस्थेचा २०२२ सालचा जागतिक हिशेब पाहा: संसर्ग असलेल्या प्रौढांपैकी ७७ टक्क्यांना औषध मिळत होते, आणि मुलांपैकी केवळ ५७ टक्क्यांना. मूल स्वतः दवाखान्यात जात नाही. त्याला कोणीतरी नेतो. ज्याला नेणारे हात दुबळे, त्याचे औषध दूर.

आता दुसरा मुद्दा: हे नेणारे हात कोणाचे? पारधी, कैकाडी, वडार, बंजारा, कोल्हाटी, डोंबारी, वैदू, गोपाळ, मसणजोगी, नंदीवाले. राज्याच्या दप्तरी मूळच्या १४ विमुक्त जाती आणि २८ भटक्या जमाती नोंदलेल्या आहेत, आणि काही समूह अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ च्या दुरुस्तीने तो मुंबई इलाख्यासही लागू करण्याची वाट मोकळी केली. कोणत्या घरात जन्म झाला एवढ्यावरून माणूस गुन्हेगार ठरू लागला. त्याचे नाव नोंदवहीत, त्याच्या बोटांचे ठसे दप्तरात, त्याची हजेरी पोलीस पाटलाकडे, आणि परवान्यावाचून मुक्काम हलविला तर शिक्षा. सोलापुरास तारेच्या कुंपणाआड वसाहत करून या लोकांना ठेवीत. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. देश स्वतंत्र होऊन पाच वर्षे लोटल्यावर यांचे स्वातंत्र्य आले.

या इतिहासाचा आपल्या विषयाशी काय संबंध, असे कोणी विचारील. फार जवळचा संबंध आहे. ज्या राज्ययंत्रणेला एकेकाळी प्रत्येक पारधी आज रात्री कोठे झोपला हे ठाऊक असे, कारण तिला त्याच्यावर पहारा ठेवावयाचा होता, त्या यंत्रणेच्या वारसदारांना आज त्याच पारध्याचे आजारी मूल कोठे आहे हे ठाऊक नसते, जेव्हा ते जाणून घेण्याचे प्रयोजन त्या मुलाला औषध देणे एवढेच असते. पहाऱ्यासाठी जी हजेरी घेता आली ती शुश्रूषेसाठी घेता येत नाही, असे म्हणण्यास आपल्यापाशी कोणता आधार आहे? आणि दुसरी बाजूही लक्षात घ्या. ज्या आजीने आपल्या सासऱ्याला हजेरीसाठी बोलावणे येताना पाहिले, तिला कचेरीतील टेबल, नोंदवही आणि 'राहता कुठे' हा प्रश्न यांत आश्वासन दिसत नाही, धोका दिसतो. ती खोटा पत्ता सांगते, किंवा दुसऱ्या खेपेस येतच नाही. तिच्या या वागण्याला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. तो अनुभवाने शिकविलेला सावधपणा आहे.

तिसरा मुद्दा, म्हणजे वाटेतील अडथळे. ते वेगवेगळे पाहिले पाहिजेत, कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

पहिला अडथळा स्थलांतराचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून बंजारा, वंजारी आणि इतर समाजांची लाखो माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, आणि चैत्राच्या आगेमागे परत येतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, जोडप्याचा मिळून एक 'कोयता' धरला जातो, आणि एक दिवस काम चुकले तर त्याचा खाडा कापला जातो. आता कल्पना करा, की गरोदरपणी तपासणी झाली बीड जिल्ह्यात, बाळंतपण झाले कोल्हापूर जिल्ह्यातील एखाद्या फडाशेजारच्या खोपीत, आणि बाळाच्या टाचेतून रक्त घेण्याचा सहावा आठवडा आला बेळगाव जिल्ह्यात. आईचे नाव ज्या वहीत आहे ती वही एका जिल्ह्यात, बाळ दुसऱ्या राज्यात. उपचाराची नोंद असलेले जुने हिरवे पुस्तक बरोबर असेल तर नव्या केंद्रावर औषध मिळू शकते हे तिला कोणी सांगितलेले नसते. आणि सांगितले असले तरी ते केंद्र पन्नास-साठ कोसांवर नसेलच असे नाही. दवाखान्याचे औषध फुकट आहे. परंतु तेथवरच्या प्रवासाचे भाडे, बुडालेली मजुरी आणि खाड्याचा दंड फुकट नाही. आणि लहान मुलाचा डोस त्याच्या वजनावर ठरतो, वजन वाढले की डोस वाढवावा लागतो. म्हणून वर्षभराच्या गोळ्या एकदाच पदरात टाकून त्याला निरोप देता येत नाही.

दुसरा अडथळा कागदाचा. औषध मिळण्यास जातीचा दाखला लागत नाही हे खरे. पण पत्ता लागतो, ओळखपत्र विचारले जाते, संपर्कासाठी दूरध्वनी मागितला जातो. आणि औषधाच्या जोडीला ज्या तरतुदी मुलाला तगवून धरतात, म्हणजे बालसंगोपन योजनेचे दरमहा २,२५० रुपये किंवा संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान, त्यांसाठी तहसील कचेरीतून उत्पन्नाचा दाखला हवा, रहिवासाचा पुरावा हवा, आईबापांच्या मृत्यूचा दाखला हवा. ज्याचा जन्म पालावर झाला, ज्याचा बाप परमुलखात वाटेवर वारला, त्याने हे दाखले आणावेत कोठून? कोल्हाटी समाजातील कित्येक मुले आईच्याच नावाने वाढली; डॉ. किशोर शांताबाई काळे यांनी १९९४ साली 'कोल्हाट्याचं पोर' या आत्मकथनात बापाच्या नावाचा रकाना रिकामा असलेल्या बालपणाचे दुःख महाराष्ट्रासमोर मांडले. २०२४ पासून शासकीय कागदांत आईचे नाव लिहिणे सक्तीचे झाले, ही चांगली गोष्ट आहे. पण रकाना वाढला म्हणून त्यापुढची शंकेखोर नजर लगेच बदलत नाही.

तिसरा अडथळा भाषेचा. आपण समजतो की महाराष्ट्रात सर्वांना मराठी कळते. बंजाऱ्यांची गोरमाटी, पारध्यांची गुजरातीशी नाते सांगणारी बोली, कैकाड्यांची तमिळच्या वळणाची आणि वडारांची तेलुगूच्या वळणाची बोली, यांत वाढलेल्या आजीला समुपदेशक शुद्ध मराठीत सांगतो, की विषाणूचे प्रमाण नियंत्रणात राहण्यासाठी औषधोपचारात सातत्य हवे. ती मान डोलावते. ती मान समजल्याची नसते, अदबीची असते.

चौथा अडथळा सर्वांत दुःखद, तो लाजेचा. आश्रमशाळेत चाळीस मुलांच्या खोलीत एक मूल रोज ठराविक वेळी गोळी घेते; ते कोणाला न दिसता कसे घ्यावे? पेटीच्या तळाशी ती लपविली जाते, मग चुकविली जाते, मग बंद होते. मुलाला स्वतःलाच आपल्या आजाराचे नाव कोणी सांगितलेले नसते. 'ताकदीची गोळी' म्हणून दिलेले औषध बाराव्या-तेराव्या वर्षी ते रागाने फेकून देते. समाजातही दोन थर आहेत. बाहेरचा गाव त्याला जातीवरून दूर ठेवतो, आणि आतली जातपंचायत त्याच्या घराला रोगावरून. लातूर जिल्ह्यातील हासेगावी रवी बापटले यांनी अशा अनाथ मुलांसाठी सेवालय उभारले, तेव्हा गावच्या शाळेत ती मुले आली म्हणून इतर पालकांनी आपली मुले शाळेतून काढून नेली. त्या विरोधापुढे संस्था हटली नाही. बीडला दत्ता बारगजे, पंढरपूरला मंगलताई शहा, पुण्यात विजयाताई लवाटे यांनी अशाच मुलांसाठी जे केले ते महाराष्ट्राने अभिमानाने सांगावे असे आहे. परंतु चार थोर माणसांच्या पुण्याईवर एका राज्याची जबाबदारी भागत नाही.

आता चौथा आणि शेवटचा मुद्दा: करावयाचे काय? माझ्या मते सगळ्या उपायांचे मूळ एकाच तत्त्वात आहे. शोधण्याचे ओझे मुलावर नसावे, व्यवस्थेवर असावे. आज आपली व्यवस्था विहिरीसारखी आहे. पाणी आहे, गोड आहे, फुकट आहे, पण तहानलेल्याने चालत यावे अशी तिची अट आहे. ज्याला अजून पाय फुटलेले नाहीत, त्याला ही अट घालता येत नाही.

हे तत्त्व केवळ कल्पनेतले आहे काय? मुळीच नाही. २०१६ च्या जूनमध्ये, आईकडून मुलाकडे होणारा संसर्ग जवळजवळ संपविल्याचे जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाणपत्र आशियात प्रथम थायलंडला मिळाले. त्या देशाने परदेशातून आलेल्या, कोणत्याही दप्तरी नोंद नसलेल्या मजूर स्त्रियांनाही आपल्या नागरिकांच्या बरोबरीने ही सेवा देऊ केली होती. ज्यांच्याकडे त्या देशाचे नागरिकत्वच नाही त्यांच्यासाठी जे होऊ शकले, ते या मातीत शतकानुशतके फिरणाऱ्या आपल्याच नागरिकांसाठी होऊ शकत नाही? आणि दूर जाण्याचेही कारण नाही. १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला खेड्यातील निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविका केले, गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावच्याच बायकांना नवजात अर्भकाची शुश्रूषा शिकवून बालमृत्यू निम्म्याहून खाली आणले. ज्ञान घरापर्यंत नेता येते, हे महाराष्ट्रानेच जगाला शिकविले आहे.

त्याच वाटेने पुढे जावयाचे. उपचार मुलाबरोबर फिरला पाहिजे: हंगामापूर्वी तांड्यावर आणि वस्तीवरच तपासणी व वजन, वयाला साजेल इतक्या महिन्यांच्या गोळ्या, जेथे जाणार तेथील केंद्राला आधीच निरोप, आणि गाळपाच्या काळात कारखान्यांच्या आवारात फिरते पथक. साखर कारखान्याला ऊस कोणत्या फडातून येतो हे दररोज ठाऊक असते. त्याच फडात किती गरोदर स्त्रिया आणि किती तान्ही मुले आहेत हे त्याला ठाऊक असावे, ही अपेक्षा अवास्तव नाही. सेवक त्या समाजातलेच असावेत: पारधी वस्तीवर पारधी बोलीत बोलणारी बाई, तिला पगार देऊन, प्रशिक्षण देऊन. दाखल्यांसाठी कचेरीने पालावर जावे. वर्षातून एकदा शिबिर भरवून जन्माची, मृत्यूची, रहिवासाची नोंद जागेवर करावी. आश्रमशाळेत एक विश्वासू व्यक्ती नेमावी, जिच्यापाशी गोळी मिळेल आणि जिच्या तोंडून बाहेर काही जाणार नाही. मुलाला त्याच्या वयाप्रमाणे, टप्प्याटप्प्याने, खरे सांगावे.

यातील पुष्कळसे कायद्यात आहेच. एचआयव्ही आणि एड्सविषयीचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे. शाळेत, दवाखान्यात, नोकरीत भेदभाव करण्यास तो मनाई करतो आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन घालतो. त्याच कायद्यात एक कलम आहे, जे फार थोड्यांना ठाऊक आहे: ज्या घरात आईबाप नाहीत किंवा ते अंथरुणाला खिळले आहेत, त्या घरातील बारा वर्षांवरचे, समज आलेले थोरले भावंड धाकट्याच्या उपचारासाठी आणि शाळाप्रवेशासाठी पालक म्हणून सही करू शकते. पालकच नाही, म्हणून परत पाठविलेल्या मुलाला हा कायदा पालक मिळवून देतो. पण खिडकीवरच्या कारकुनाला तो कोणी वाचून दाखविला आहे काय? शिक्षणहक्काच्या २५ टक्के राखीव प्रवेशासाठी वंचित घटकांची जी यादी महाराष्ट्राने केली, तीत विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि एचआयव्हीबाधित बालके तिन्ही आहेत. आपल्या चर्चेतील मूल त्या यादीत दोनदा उभे आहे, आणि तरी शाळेच्या दाराबाहेर आहे.

एका धोक्याची सूचना येथेच देतो. आपण शोध घ्यावयास निघालो म्हणजे नावे, पत्ते, वस्त्या लिहिल्या जाणार. ज्या लोकांच्या नावांच्या याद्यांनी त्यांच्या तीन पिढ्यांचे वाटोळे केले, त्यांची नवी यादी करताना ती फक्त उपचार करणाऱ्याच्या हाती राहील, पोलीस ठाण्यात किंवा गावच्या चावडीवर कधीही जाणार नाही, याची कायदेशीर आणि नैतिक हमी आधी दिली पाहिजे. विश्वासावाचून केलेली शोधमोहीम ही दुसऱ्या नावाने घेतलेली हजेरीच होय.

दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. एक असा, की ही मंडळी स्वतःच येत नाहीत, त्याला सरकार काय करणार? याचे उत्तर मी इतका वेळ दिले: यावे म्हणून आपण काय केले, ते आधी सांगावे. दुसरा असा, की इतक्या थोड्या मुलांसाठी इतका खर्च कशाला? संख्या थोडी असेल, तर काम अधिक सोपे आहे. आणि हक्क हा संख्येच्या वजनावर मिळत नसतो. ज्या देशाने पोलिओच्या प्रत्येक थेंबासाठी वीटभट्टीपासून रेल्वेच्या फलाटापर्यंत फिरणारी मुले शोधून काढली आणि २०१४ साली पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळविले, त्या देशाने आता फिरते मूल सापडत नाही असे म्हणू नये.

भगिनींनो आणि बंधूंनो, मी आपल्याकडे देणगी मागावयास आलेलो नाही. येथे बसलेल्यांत शिक्षक आहेत, डॉक्टर आहेत, वकील आहेत, साखर कारखान्यांचे सभासद आहेत, जिल्हा परिषदेत ऊठबस असलेले गृहस्थ आहेत. सभासदाने येत्या वार्षिक सभेत उभे राहून विचारावे, की आपल्या कार्यक्षेत्रातील तोडणी मजुरांच्या गरोदर स्त्रियांची व मुलांची तपासणी होते काय. वकिलाने २०१७ च्या कायद्यातील ते पालकत्वाचे कलम सोप्या मराठीत छापून प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर लावावे. शिक्षकाने आपल्या वर्गातील एखादे मूल रोज एक गोळी घेते हे कळले, तर ते कोणालाही कळू देऊ नये. आणि डॉक्टरांनी, पालावरची आजी दुसऱ्या खेपेस आली नाही, तर वहीत फुली मारण्यापूर्वी माणूस पाठवावा. औषध तयार आहे, कायदा तयार आहे, पैसाही अगदीच नाही असे नाही. उरले आहे ते आपण चालत जाणे. ते आपण येत्या गळीत हंगामापूर्वी सुरू करावे, ही माझी आपणांस विनंती आहे.